विरजणाला कुणाचा हात लागला

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन एकच शंका विचारली होती. "पोरगा बीएस्सी झालाय म्हंता, मंग डेअरीत दही का लावायलाय?" मध्यस्थ हुशार होता. "दही बाकीचे लावत्यात, हे साहेब त्या दह्याची तपासणी करत्यात," असं त्याने ठोकून दिलं आणि लग्न झालं. खरी गोष्ट अशी की मी दहीच लावत होतो. परभणीतल्या एका सहकारी डेअरीच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी त्यात गेली. डेअरीचं नाव सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात माझी एकट्याची अब्रू गेली तेवढी पुरे.

घरात विरजण म्हणजे कालच्या दह्याचा चमचा. तो आंबट निघाला तर घरातली बाई शेजारणीकडून दुसरा आणते आणि विषय संपतो. डेअरीत हजार हजार लिटर दुधाचं दही एकदम लावायचं असतं, तिथे शेजारीण पुरत नाही. म्हणून आम्ही पावडरच्या दुधात, काचेच्या बाटलीत, मूळ विरजण जपायचो. त्यात दोन प्रकारचे जिवाणू. एक दांड्यासारखा, एक गोळीसारखा. रोज सकाळी त्यातला थेंब काचपट्टीवर पसरायचा, निळ्या रंगात बुडवायचा, धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. दांडे आखूड आणि सरळ दिसले, गोळ्या माळेसारख्या ओळीत दिसल्या, की विरजण ठणठणीत. मग ते मोठ्या व्हॅटमधल्या, म्हणजे टाकीतल्या, कोमट दुधात सोडायचं आणि सहा तासांनी दही तयार.

हे जिवाणू वाढतात कसे, ते सांगितल्याशिवाय पुढची भानगड कळणार नाही. जिवाणू लग्न करत नाही. तो खातो आणि लांब होत जातो. दुप्पट लांब झाला की अंगाच्या बरोबर मधोमध आडवी भिंत घालतो आणि एकाचे दोन होतात. अर्ध्यापाऊण तासात हे सगळं उरकतं. आमच्याकडे दोन भावांची वाटणी म्हणजे तलाठी आला, मोजणीवाला आला, पाच पंच आले, आणि एवढं करून एक बांध हातभर सरकलेला असतोच. इथे पट्टी नाही, दोरी नाही, आणि दोन्ही वाटण्या अगदी सारख्या. गोळीवाल्यांची तऱ्हा थोडी वेगळी. त्यांची भिंत उभी राहते, वाटणी होते, पण वेगळं राहायला कुणी जात नाही, म्हणून त्यांची माळ दिसते.

मधोमध जागा नेमकी सापडते कशी, हे मला नोकरीभर माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर मुलीच्या पुस्तकात वाचलं. जिवाणूच्या आत मधल्या भागात एक बारीक कडं तयार होतं आणि पिशवीची नाडी ओढावी तसं आवळत जातं, त्याच्याबरोबर भिंत उभी राहते. आणि काही जिवाणूंमध्ये दोन्ही टोकांना असे पदार्थ असतात, जे तिथे कडं होऊच देत नाहीत. इथे नको, तिथेही नको, असं दोन्हीकडून झाल्यावर मधलीच जागा उरते. मला हे इतकं आवडलं की मी बायकोला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "आता तरी दही लावायचं सोडा."

लोकांना सूक्ष्मदर्शकाचं भारी कौतुक होतं. चारठाण्याचे एक आजोबा दह्याला तार येते अशी तक्रार घेऊन लोटा भरून दही घेऊन आले. मी त्यांना दाखवायला बसवलं. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "ह्यो काळा दोर कसला?" तो त्यांच्याच पापणीचा केस होता. नीट बसवल्यावर त्यांना दांडे दिसले, गोळ्या दिसल्या. त्यांनी डोळा काढून लोट्यात बघितलं. मग हळूच म्हणाले, "हे जित्ते हायत?"

"हो आजोबा. दह्यात तर कोट्यवधी असतात."

"मंग मी इतके वर्सं एकादशीला काय खायलो?"

प्रश्न रास्त होता आणि माणूस रडकुंडीला आला होता. आमच्या वेळी कॉलेजात जिवाणू वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शिकवायचे, ते मला ऐन वेळी आठवलं. मी म्हणालो, "हे वनस्पतीत जमा आहेत." आजोबांनी मोठा श्वास सोडला, तक्रार विसरले आणि लोटा तिथेच ठेवून गेले.

आता मूळ गोष्ट. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता, ती वर्षं. कधी शांत व्हायचं, कधी एखाद्या गावाची बातमी यायची आणि बाजारात लोक खालच्या आवाजात बोलायला लागायचे. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा सुमन वाघमारे नावाच्या बाई आल्या होत्या. परभणीच्याच, बौद्ध घरातल्या, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी केलेली. मी दुग्धशास्त्रवाला, मला जिवाणू ओळखीपुरते ठाऊक. बाईंना त्यांची सात पिढ्यांची माहिती. सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक होती आणि पाडव्याच्या आदल्या आठवड्यात संचालकांच्या मीटिंगमध्ये त्यांना कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. धाकट्या दोन भावांचं शिक्षण त्यांच्या पगारावर चाललेलं. मी शिफारस लिहून ठेवली होती. विरजण खोलीची किल्ली मी त्यांच्याकडे दिली होती आणि खरं सांगायचं तर त्या आल्यापासून दही माझ्यापेक्षा चांगलं लागत होतं.

पाडव्याला दहा दिवस राहिले. श्रीखंडाच्या ऑर्डरी आल्या होत्या. बाईंनी सकाळी व्हॅटमध्ये विरजण सोडलं, दुपारी झाकण उघडलं तर आत दूध. पातळ, पांढरं, जसंच्या तसं. वाटलं दूध गार झालं असेल. दुसऱ्या दिवशी तापमान तीनदा बघून लावलं. पुन्हा दूध. आमचे बॉयलरवाले गफूरभाई डोकावून म्हणाले, "साब, ये तो सोरा." मी चिडलो, पण दूध खरोखरच झोपलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी संचालक अण्णा आले. अण्णा वालूरचे, मोठे बागायतदार, माणूस दिलदार. कुणाच्या लग्नात वाढायला स्वतः उभे राहतील. पण दही का लागलं नाही याची कारणं त्यांच्याकडे आधीपासून तयार होती. त्यांनी व्हॅटभोवती एक फेरी मारली, लिंबू-मिरची कुठे बांधता येईल ते बघितलं आणि मला बाहेर ओढ्याच्या बाजूला नेलं.

"विरजण कोण लावायलंय सध्या?"

"वाघमारे बाई."

"हां." अण्णांनी आजूबाजूला कुणी नाही हे बघून घेतलं. "मी काई म्हनत न्हाई. आपण शिकलेले लोक. पन विरजण लय नाजूक आस्तंय. आमच्या घरात बाई बाजूला बसली तर विरजणाच्या गाडग्याला शिवत न्हाई. मंग हे तर..." त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराकडे हनुवटी उडवली. "बाईला चार रोज फॅटच्या टेबलावर बसवा. विरजण तुमी लावा. मीटिंगात चार लोक विचारतील, तवा मला उत्तर देता आलं पायजे."

तिथे मी म्हणायला हवं होतं की अण्णा, बाटलीतलं विरजण याच बाईंच्या हातचं आहे आणि ते रोज सहा तासांत घट्ट लागतंय. बिघाड फक्त व्हॅटमध्ये आहे. हे मला माहीत होतं. सकाळीच बघितलं होतं. पण अण्णा संचालक, मीटिंग तोंडावर, आणि वातावरण तसलं. मी स्वतःला समजावलं की बाईंची कायम नेमणूक वाचवायची तर चार दिवस वाद नको. अशी समजूत माणूस फार लवकर घालून घेतो. मी टेबलावर बसून कागद लिहिला आणि बाईंच्या पुढे ठेवला.

त्यांनी वाचला. "कारण 'कामाच्या सोयीसाठी' लिहिलंय साहेब."

"हो."

"कुणाच्या?"

मी म्हणालो, पाडव्याची गडबड आहे, नंतर बोलू. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि सही केली.

फॅटचं टेबल ही आमच्याकडची शिक्षाच होती. गावागावांतून कॅन येत, प्रत्येक गावाच्या दुधाचा नमुना लहान बाटलीत काढायचा, त्यात गंधकाम्ल घालायचं, यंत्रात फिरवायचं आणि स्निग्धांश मोजायचा. गंधकाम्लाचा शिंतोडा उडाला की कपड्याला भोक. बाईंच्या दोन साड्या त्या आठवड्यात गेल्या.

इकडे मी आंघोळ करून, धुतलेला कोट घालून, विरजण खोलीत शिरलो. अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसले. मी विरजण सोडलं. सहा तासांनी झाकण उघडलं. दूध.

अण्णा विचारात पडले. मग त्यांना सुचलं. "तुमी तिच्याच मागं त्याच खोलीत गेलाव ना. खोली धुवून घ्या." खोली धुतली. वर गोमूत्र शिंपडलं. मी निर्जंतुक केलेल्या खोलीत स्वतःच्या परवानगीने गोमूत्र शिंपडू दिलं, ही माझ्या नोकरीतली विज्ञानाची सर्वोच्च कामगिरी. चौथ्या दिवशी पुन्हा दूध. हजार लिटर गटारात गेलं आणि ओढा दुपारपर्यंत पांढरा वाहत होता. अण्णा म्हणाले, "आता तुमचाच हात बघावा लागतो."

ते हसत म्हणाले. मीही हसलो. गफूरभाई मात्र हसले नाहीत. व्हॅट धुताधुता म्हणाले, "सबके हातां देखरे साब, दूध कू कोई नै देखरा."

दुधाकडे बघणारं एकच माणूस होतं आणि त्याला आम्ही नेमकं दुधापाशीच नेऊन बसवलं होतं. बाईंच्या टेबलावर रोज अकरा गावांचे नमुने यायचे. फॅट मोजून उरलेलं दूध त्यांनी अकरा वाट्यांत घातलं, गरम करून कोमट केलं आणि सगळ्यांत एकाच बाटलीतलं विरजण सोडलं. वाट्यांखाली गावांच्या चिठ्ठ्या. पाचव्या दिवशी आम्ही व्हॅट लावलाच नाही; दुपारी त्यांनी मला बोलावलं. दहा वाट्यांत दही होतं. अकरावी वाटी उचलून त्यांनी तिरकी केली तर दूध चिठ्ठीवर सांडलं. चिठ्ठी पोखर्णीची होती.

नरसिंहाच्या देवळाची पोखर्णी, माझं गाव. मी म्हणालो, "कॅन धुतला नसेल."

"मग दही लवकर आंबलं असतं," बाई म्हणाल्या. "हे बघा." सूक्ष्मदर्शकाखाली वालूरच्या वाटीतला थेंब होता. आखूड दांडे, नीट माळा. मग त्यांनी पोखर्णीची काचपट्टी सरकवली. मी डोळा लावला आणि मला काही ओळखू येईना. दांडे नव्हतेच. लांबच लांब धागे होते, शेवयांसारखे, एक भिंगाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेला. गोळ्या फुगून बेढब झालेल्या.

"विरजण जुनं झालं की दांडे लांबतात," मी म्हणालो. हे खरं आहे, पुस्तकात आहे.

"विरजण दोन्ही वाट्यांत एकच आहे साहेब. लावलंय पण एकाच वेळी." बाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. "यांची लांबी वाढतेय, पण मधली भिंत उभी राहत नाही. वाटणीच होत नाही, तर दोनाचे चार कसे होणार आणि दही कसं लागणार? भिंत उभी राहू न देणारी एकच गोष्ट दुधात येऊ शकते. पेनिसिलीन."

"आपण नव्वद अंशाला तापवतो दूध."

"त्याने जिवाणू मरतात. औषध काय जिवंत आहे मरायला?"

मला विज्ञान सोडून दुसरंच काही आठवलं. म्हशीच्या कासेला सूज येऊन सड, म्हणजे आचळ, दगडासारखा होतो, त्याला आमच्याकडे दगडी म्हणतात. त्यावर पेनिसिलीनची मलमासारखी ट्यूब सडातून आत सोडतात, आणि पुढचे तीन दिवस ते दूध टाकून द्यायचं असतं. एका म्हशीची ट्यूब हजारो लिटर दुधाचं दही अडवू शकते. हे सगळं मला पाठ होतं, कारण दोन आठवड्यांपूर्वी अशा ट्यूबांचं पाकीट मी स्वतः गावी नेऊन दिलं होतं. माझ्या थोरल्या भावाला.

त्याच संध्याकाळी बाईंनी बाटल्यांचा खोका तयार करून दिला. "तुमचंच गाव आहे. प्रत्येक घरचं दूध वेगळं आणा आणि बाटलीवर नाव लिहा." सहाव्या दिवशी मी पहाटेच्या बसने गेलो. दूध केंद्रावर बाटल्या भरल्या, नावं लिहिली आणि मग घरी गेलो. दादा गोठ्यातच होता, मला बघून खूष.

"बघ की, म्हैस कशी झालीय. तुझ्या औषधानं दगडी पार गेली. एक सड बरा झाला, मंग दुसऱ्या सडाला पन घातली. पाकीट हाय म्हनून रोज एक घालायलोय."

"रोज? अरे, मी सांगितलं होतं ना, दूध टाकून द्यायचं."

दादाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय. "दूध मातीत टाकू? नरसिंहाच्या गावात? न्हाई बा. दुधाला औषधाचा वास येऊ लागला म्हनून तुझी वहिनी म्हंली पोरास्नी नको. तवा डेअरीला घातलं. तुमी तिथं उकळूनच घेताव की. तूच म्हंतोस, उकळलं की समदं मरतंय."

वहिनीने चहा आणला. चहात दूध दुसऱ्या म्हशीचं होतं, ते तिने आवर्जून सांगितलं.

परत येताना पूर्ण रस्ताभर खोका मांडीवर होता. दादाच्या नावाची बाटली काढून रस्त्यात फेकावी, असं एकदा मनात आलं. नाही असं म्हणणार नाही. मी ती फेकली नाही, पण त्यात माझा मोठेपणा काही नव्हता, शेजारी गावचाच माणूस बसला होता. बाईंनी बाटल्या घेतल्या, एकेक नाव वहीत उतरवलं. दादाची बाटली आली तेव्हा त्यांनी नाव वाचलं, आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि तेही उतरवलं. संध्याकाळी त्याच एका वाटीत दूध राहिलं होतं. बाईंनी वही मला दाखवली आणि मिटून खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. पोखर्णीचं दूध वेगळं ठेवलं होतं, सकाळी लावलेलं दही बरोबर सहा तासांनी घट्ट निघालं होतं, त्याची वाटी अण्णांच्या पुढे होती. ते चमच्याने खात होते. मी उभं राहून सांगितलं की दुधात औषध आलं होतं. जिवाणू, भिंत, धागे, सगळं सांगितलं. चेअरमन म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. कुणाचं दूध होतं? चार हजार लिटर वाया गेलंय. नाव काय त्याचं?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात चेअरमन बाईंकडे वळले. "बाई, वही तुमच्याकडं हाय ना. सांगा."

वाघमारे बाईंनी वही उघडली, त्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बाटल्या साहेबांनी स्वतः भरून आणल्यात. तेच सांगतील."

त्यांची नेमणूक त्याच मीटिंगमध्ये पुढच्या विषयाला होती. नाव त्यांनी सांगितलं असतं, तर साहेबांच्या घरावर आळ घेणारी बाई म्हणून ती नेमणूक गेली असती. नाव दडवलं असतं, तर दही त्यांच्याच हाताने बिघडलं असं राहिलं असतं. मी ग्लास खाली ठेवला. "माझ्या थोरल्या भावाचं. आणि ट्यूबा मी नेऊन दिल्या होत्या."

चेअरमननी पेन खाली ठेवलं. मग अण्णा इतके मोठ्याने हसले की दह्याचा चमचा पडला. "आरं तिच्या. म्हंजे इलाज तुमीच केलाव आन् रोग पन तुमीच आनलाव?" सगळेच हसायला लागले. चेअरमनही हसले. अण्णांनी उठून माझ्या पाठीवर थाप मारली. "ऱ्हाऊ द्या हो. घरचंच मानूस हाय. चुका मानसाच्याच हातून होत्यात." पुढचा विषय निघाला, बाई कायम झाल्या आणि चहा आला.

बाहेर आल्यावर मी बाईंना किल्ली परत दिली. माफी मागायची होती. "उद्यापासून विरजण तुम्ही लावा," एवढंच म्हणालो. "बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि विरजण खोलीत गेल्या. सुमनताई, हा अंक तुमच्यापर्यंत आला तर, ती माफी मी इथे मागतो. 'कामाच्या सोयीसाठी' हे मी माझ्या सोयीसाठी लिहिलं होतं.

चार हजार लिटर दूध माझ्या हाताने गेलं. तरी मला एक दिवसही कुणी फॅटच्या टेबलावर बसायला सांगितलं नाही.